छायाचित्र तेच, निकाल मात्र वेगळा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ऑनलाइन अर्जाला जोडलेले छायाचित्र 'आकारमान नियमात बसत नाही' असे सांगून नाकारले गेले, की दोष आपल्याच फाइलचा असे अर्जदार धरून चालतो. पुष्कळदा तो तसा असतोही. पण काही वेळा मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची आवृत्ती बदललेली असते, आणि संकेतस्थळे बनवणारेही याची पुरेशी दखल घेत नाहीत.

संकेतस्थळे बनवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेचे उदाहरण बोलके आहे. चित्राची रुंदी-उंची सांगणारे तिचे 'गेटइमेजसाइझ' हे फंक्शन (तयार आज्ञा) ८.० या आवृत्तीपर्यंत एव्हीआयएफ या चित्र-प्रकाराची फाइल ओळखतच नसे, ८.१ मध्ये ते ओळखू लागले, पण मापे मात्र शून्य बाय शून्य अशी देई, आणि खरे आकडे मिळू लागले ते डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ८.२ पासून. त्यामुळे 'रुंदी किमान ६०० पिक्सेल' असा नियम असेल, तर पुरेसे मोठे चित्रही ८.१ वर नाकारले जाते आणि ८.२ वर चालते. नियम केवळ 'कमाल १२०० पिक्सेल' एवढाच असेल, तर ५००० बाय ५००० पिक्सेलचे चित्रही शून्य समजून बिनबोभाट आत घेतले जाते. मला हा दुसरा प्रकार अधिक घातक वाटतो, कारण अर्ज स्वीकारला गेल्याची तक्रार कोण करणार? तेच चित्र पुढे लहान करण्यासाठी उलगडले, की प्रत्येक पिक्सेलला चार बाइट या हिशेबाने दहा कोटी बाइट मेमरी लागते.

चाचण्या असतात, नाही असे नाही. परंतु त्या बहुधा एखाद्या जेपीईजी फाइलवर आणि एकाच आवृत्तीवर चालवल्या जातात; शिवाय अपेक्षित उत्तरही त्याच फंक्शनकडून घेतलेले असले, तर ती चाचणी नापास होणार तरी कशी? स्वीकारल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रकारची, माप आधीच माहीत असलेली नमुना फाइल सर्व्हरवरील प्रत्येक आवृत्तीवर तपासून पाहणे, हे फार खर्चाचे काम नव्हे. शून्य रुंदी म्हणजे 'लहान चित्र' नव्हे, तर 'मोजता आले नाही', हा भेद प्रोग्रॅममध्येच करायला हवा. अशा वेळी अर्जदाराला आकारमानाचा दोष न देता 'हा फाइल-प्रकार येथे वाचता येत नाही, कृपया जेपीईजी फाइल जोडावी' असे स्पष्ट सांगावे.

आपला,
एक संगणक अभियंता