केंद्रातून परतलेल्या मुलांच्या संध्याकाळीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हापासून उपचाराची वाट आपल्या शहराला अनोळखी राहिलेली नाही. आपल्या वस्तीतील काही मुलेही निरनिराळ्या केंद्रांत राहून, टर्कीचे, म्हणजे नशा बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाचे, असह्य दिवस काढून घरी परतली आहेत. त्यांपैकी जी पुन्हा गर्दकडे, म्हणजे ब्राउन शुगर या हेरॉइनच्या नशेकडे वळली, ती बहुधा त्याच नाक्यावर, त्याच जुन्या मित्रांत बसू लागल्यावर वळली, हे आमच्या मंडळाने जवळून पाहिले आहे.

घरचे लोक मुलाला शपथ घालतात आणि निर्धास्त होतात. मुलाने सकाळी आईसमोर केलेला निश्चय खोटा नसतो. परंतु पगाराच्या संध्याकाळी खिशात पैसे असताना जुने सोबती ‘आता सुटलास ना, मग एकदाच घेतलीस तर काय होतंय’ म्हणू लागले, की नकार देणे म्हणजे मैत्री तोडणे वाटू लागते आणि धोका आहे त्याहून लहान दिसतो. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संगणकावरचा मोटार चालवण्याचा खेळ काहींना एकट्याने, तर काहींना समवयस्कांसमोर खेळायला दिला होता. त्यात मित्र जवळ असताना किशोरांनी आणि तरुणांनी अधिक धोका पत्करला. तो प्रयोग व्यसनी मुलांवर नव्हता, तरी नाक्यावर रोज जे दिसते ते त्यावरून समजू शकते.

गर्दच्या बाबतीत हा ‘एकदाच’ विशेष घातक आहे. काही आठवडे नशा बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वीइतकीच मात्रा घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो.

ते जुने मित्रही आपलीच मुले आहेत, आजारी आहेत; त्यांना शत्रू ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. परतलेल्या मुलाला मात्र रोज सायंकाळी 6 ते 9 बसायला दुसरी जागा आणि दुसरी सोबत हवी. व्यसनातून बाहेर पडून स्थिरावलेले काही जण त्याच्याशेजारी बसण्यास तयार आहेत, आणि मित्राचे तो जेवढे ऐकतो तेवढेच तो यांचेही ऐकतो.

यासाठी आम्हाला प्रथम एक खोली हवी आहे, भाड्याने किंवा विनामूल्य. त्यानंतर चहा, कॅरम आणि फॉलोअपसाठी केंद्रात जाण्या-येण्याचे बसभाडे यांकरिता दरमहा यथाशक्ती मदत हवी. ज्यांचे दुकान किंवा कारखाना आहे, त्यांनी एखाद्या मुलाला काम द्यावे आणि त्याची संमती घेऊन पगार रोख न देता बँकेत जमा करावा, ही विशेष विनंती आहे.

देणगी मंडळाच्या कार्यालयात सायंकाळी स्वीकारली जाईल व पावती मिळेल. मुलांची नावे देणगीदारांसह कोणालाही सांगितली जाणार नाहीत.

आपले नम्र,
मंडळाचे कार्यकर्ते