ब्राझीलचं हळुवार गाणं १९५८ साली जन्मलेलं नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ब्राझीलच्या संगीतावरचा लेख आवडीने वाचला. त्यातलं एक वाक्य मात्र घशाखाली उतरलं नाही. लेखक म्हणतात, ब्राझीलच्या गाण्यात हळुवारपणा आला तो बोसा नोव्हा या मंद, कुजबुजत्या गीतशैलीमुळे, १९५८ च्या सुमारास. त्याआधी काय, तर सांबा नृत्यसंगीताचा दणदणाट आणि गायिका कार्मेन मिरांदाच्या डोक्यावरची फळं! मग त्याच्या वीस वर्षं आधी हळुवार गाणाऱ्या ओर्लांदो सिल्वाला कुठे ठेवायचं?

ओर्लांदोचा जन्म १९१५ चा, रिओ दि जानेरोतल्या एंजेन्यो दे देंत्रो या कामगारवस्तीतला. वडील गिटार वाजवायचे. मुलगा तीन वर्षांचा असताना ते १९१८ च्या इन्फ्लुएन्झात गेले. पुढे पोराने पडेल ती कामं केली. ट्रामच्या अपघातात एका पायाची बोटं गेली. वेदना थांबाव्यात म्हणून तेव्हा मॉर्फिन दिलं गेलं. हे औषध लक्षात ठेवा, ते गोष्टीत परत येतं. नंतर तो बसमध्ये तिकिटं फाडायचा. बोरोरो नावाच्या संगीतकाराच्या कानावर त्याचा आवाज पडला आणि त्याने पोराला थेट गायक फ्रान्सिस्को आल्वेसपुढे उभं केलं. आल्वेस म्हणजे त्या काळचा ‘आवाजाचा राजा’. त्याने म्हणे स्वतःच्या मोटारीत बसूनच या कंडक्टरचं गाणं ऐकलं. ते साल १९३४. त्याच वर्षी ओर्लांदो रेडिओवर गाऊ लागला.

आता मूळ मुद्दा. आल्वेसच्या पिढीचे गायक भरदार गळ्याने, ऑपेराच्या थाटात गात, कारण त्यांची उमेदवारी मायक्रोफोन नसतानाची. ब्राझीलमध्ये विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२७ ला आलं आणि त्या तंत्राची पहिली तबकडी खुद्द आल्वेसचीच होती. तरी त्याची गायकी सभागृहाचीच राहिली. ओर्लांदोने मात्र माइकला सभागृह मानलंच नाही, त्याला तो समोर बसलेल्या एकाच माणसाचा कान वाटला असावा. शब्द सावकाश सोडायचा, ओळ तालाच्या किंचित मागे रेंगाळू द्यायची आणि सूर वर गेला तरी आवाज मोठा करायचा नाही. श्वास कुठे घेतला ते कळतही नाही. इथे सैगलची आठवण येते, पण ती तुलना केली की पत्र लांबेल.

१२ सप्टेंबर १९३६ ला रिओत रादिओ नासिओनाल हे रेडिओ केंद्र सुरू झालं, मावा चौकातल्या ‘अ नॉयते’ वृत्तपत्राच्या बावीस मजली इमारतीत. उद्घाटनाच्या गाण्यांत ओर्लांदो होता. पुढच्याच वर्षी त्याची ‘लाबिओस के बेइजेई’ ही तबकडी आली; संगीतसंयोजक राडामेस न्यात्ताली यांनी तिच्यामागे व्हायोलिनांचा असा पडदा धरला की नंतर प्रत्येक प्रेमगीताला तसाच हवा झाला. त्याच १९३७ सालची दुसरी तबकडी तर माझ्या मते त्या देशाची सर्वांत मौल्यवान सहा-सात मिनिटं असावीत. एका बाजूला ‘कारिन्योसो’, दुसऱ्या बाजूला ‘रोझा’. दोन्ही चाली पिशिंगिन्याच्या. ‘कारिन्योसो’ची चाल वीसेक वर्षं जुनी, तोवर नुसती वाद्यांवर वाजणारी, शब्द जुआंव दे बार्रोने नव्याने लिहिले. ‘रोझा’चे शब्द कोणाचे? ओताविओ दे सोझा नावाच्या एका मेकॅनिकचे, तोही एंजेन्यो दे देंत्रोचाच. एवढं एकच गाणं त्याच्या नावावर राहिलं. ‘रोझा’ ओर्लांदोच्या आईचं लाडकं होतं आणि ती गेल्यावर त्याला ते गाववेना, असं सांगतात.

ही तबकडी मी प्रथम ऐकली ती शेजारच्या अंकलच्या बल्कांवात (पुढच्या ओसरीत), मोबाइलवर. अंकल नव्वदीच्या घरातले, पोर्तुगीज काळात लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाच्या शाळेत, शिकलेले. गाणं सुरू झाल्यावर मी अर्थ विचारू लागलो, तर म्हणाले, “ओगी राव मरे!” (गप्प राहा रे!) संपल्यावर त्यांनी उजवा हात माझ्या डोक्यावरून कपाळापासून मानेपर्यंत एकदाच फिरवला. म्हणाले, हे ‘कारिन्यो’. आणि जो असं करतो तो कारिन्योसो. साठी उलटलेल्या माणसाच्या डोक्यावरून असा हात फिरण्याचा योग फारसा येत नाही.

ओर्लांदोसाठी जमणारी गर्दी पाहून निवेदक ओदुवाल्दो कोझी यांनी त्याला ‘गर्दीचा गायक’ म्हटलं. हे बिरुद त्याला मरेपर्यंत चिकटलं. गंमत अशी की गर्दीचा हा गायक गायचा मात्र एकेकट्याच्या कानात. पण सारा बहर सात-आठ वर्षांचा. १९४२ नंतर मॉर्फिनने परत गाठलं आणि आवाजातली ती रेशमी लय विस्कटू लागली. रादिओ नासिओनाललाही त्याला मुकावं लागलं. १९५२ च्या सप्टेंबरात आल्वेस मोटार अपघातात गेला, तेव्हा त्याची रविवार दुपारची वेळ ओर्लांदोला देण्यात आली. ज्याने मोटारीत बसून पारखलं त्याचीच जागा घ्यावी लागली. १९७८ साली ओर्लांदो गेला.

बोसा नोव्हाचा पुरावा तर त्याच मंडळींनी ठेवलाय. आपल्या लेखाचे नायक, बोसा नोव्हाचे गायक जुआंव जिल्बेर्तो ओर्लांदोला गुरुस्थानी मानत. १९५९ च्या त्यांच्या पहिल्या एलपीवर ‘आओस पेस दा क्रूझ’ हे गाणं आहे ना? ते ओर्लांदोने १९४२ मध्येच गाजवलेलं. जिल्बेर्तोंनी ते आणखी खाली आणलं, जवळजवळ कुजबुजीपर्यंत. पण जिना ओर्लांदोने बांधलेला होता.

दुरुस्ती छापायला जागा नसेल तर हरकत नाही, एवढी सूचना तरी छापा. ओर्लांदोने उतारवयात आपली जुनी गाणी एलपीसाठी पुन्हा गायली आहेत आणि नेटवर शोधताना पुष्कळदा तीच पुढे येतात. ध्वनी स्वच्छ, पण आवाज थकलेला. ती ऐकून ‘हाच का तो?’ म्हणू नये. जिथे सुई खरखरते ती १९३७ ची तबकडी लावावी.

आपला,
एक जुना वाचक, म्हापसा