गेम सोपा असू द्या, पोकळ नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की मुलांसाठी कोणता व्हिडिओ गेम घ्यावा, हा विषय आता सोलापुरातही घरोघर निघतो. गोळीबार नको, पैसे लावायची भानगड नको, दिसायला सुंदर हवा, गोष्ट हवी, असं म्हटलं की सल्ला मिळतो तो रोल-प्लेइंग गेमचा, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन गोष्टीत पुढे जायच्या आरपीजीचा. सल्ला चांगलाच आहे. पण त्यातले सगळ्यात देखणे, लाघवी गेम बरेचदा फार सोपे असतात आणि मग तक्रार येते: आठवडाभर रमला, नंतर हातही लावला नाही. गोड पण सोप्या गेमने खेळणाऱ्याचं समाधान होतं का? आमच्या मते होतं, पण तो सोपेपणा कोणत्या जातीचा आहे यावर सगळं ठरतं. हरण्याची भीती नसली तरी चालतं. विचार करायचं कारणच उरलं नाही, तर चित्रं आणि संगीत कितीही सुरेख असोत, गेम पोकळ वाटायला लागतो.

हे कसं होतं ते आकड्यांत पाहू. समजा, तुमच्या पार्टीत, म्हणजे चमूत, तीन जण आहेत आणि प्रत्येकाचा वार 25 चा. समोरच्या राक्षसाचा जीव, म्हणजे एचपी, 60. तीन वारांत तो संपतो, त्याची पाळी येण्याआधीच. आता तुमच्याकडे विषाचा मंत्र आहे, जो दर फेरीला शत्रूचा एक दशांश एचपी कमी करतो. तो वापरायचा तर 6 च्या नुकसानीसाठी 25 चा वार सोडावा लागतो. कोण सोडेल? झोप आणणारा मंत्र, वेग कमी करणारा मंत्र, आपला बचाव वाढवणारा मंत्र, सगळे याच हिशोबात बाद होतात. विष खरं तर बॉसच्या, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या बलाढ्य शत्रूच्या, लढाईत कामाचं. 900 एचपीच्या बॉसला दर फेरीला 90 चा फटका म्हणजे साडेतीन वार फुकट मिळाल्यासारखे. पण कितीतरी गेममध्ये बॉसवर विष चालतच नाही. ज्याच्यावर चालतं तो विष भिनायच्या आत मरतो आणि जो टिकतो त्याला ते लागत नाही. मेन्यूत वीस मंत्र दिसतात, कामाचा एकच.

पैशांचंही तेच. औषधं लागत नाहीत म्हणून पैसे साचतात. पैसे साचले म्हणून प्रत्येक नव्या गावात सगळ्यात महाग तलवार न बघता घेतली जाते. आणि त्या तलवारीमुळे पुढची लढाई आणखी सोपी होते. त्यात साइड क्वेस्ट, म्हणजे मुख्य गोष्टीबाहेरची छोटी कामं, मन लावून पूर्ण केली तर त्यांच्या एक्सपीमुळे, म्हणजे अनुभवाच्या गुणांमुळे, तुमची लेव्हल, म्हणजे ताकदीची पायरी, पुढच्या प्रदेशातल्या शत्रूंपेक्षा आठ-दहाने वर जाऊन बसते. म्हणजे ज्याला गेम सगळ्यात जास्त आवडला, जो गावातल्या प्रत्येक माणसाशी बोलत फिरला, त्याच्याच वाट्याला सगळ्यात मिळमिळीत लढाया येतात. सोप्या आरपीजीचा सगळ्यात मोठा दोष आम्हाला हाच वाटतो.

जुनं उदाहरण म्हणजे 1992 चा ‘फायनल फँटसी मिस्टिक क्वेस्ट’. स्क्वेअर कंपनीने तो अमेरिकेतल्या नवख्या खेळाडूंसाठी मुद्दाम सोपा केला. नकाशावर बाणांनी आखलेल्या वाटांवरूनच चालायचं, वाट चुकण्याचा प्रश्न नाही. शत्रू अचानक अंगावर येत नाहीत, समोर उभे दिसतात. सेव्ह कुठेही करता येतं. हरलात तर तीच लढाई पहिल्यापासून लगेच पुन्हा. नवं चिलखत मिळालं की आपोआप अंगावर चढतं, जोडीदाराला हवं तर कॉम्प्युटरच्या हवाली करता येतं. यातली एकेक सोय पाहिली तर वावगं काही नाही. कुऱ्हाडीने झाड तोडून वाट काढणं, नखाळ्या हत्याराने भिंत चढणं, मार बसत जाईल तसं शत्रूचं बदलणारं चित्र, आणि संगीत तर आजही ऐकावंसं. पण जोडीदार कोणता, चिलखत कोणतं, वाट कोणती, हे सगळे निर्णय काढून घेतल्यावर खेळणाऱ्याच्या हातात हल्ल्याचं बटण तेवढं उरतं. नकाशावरच्या रणभूमीच्या जागांवर तर एकेका ठिकाणी दहा-दहा लढाया ठेवल्यात. तिथे हे फार जाणवतं.

याच्या शेजारी निन्टेन्डोचा ‘पेपर मारिओ’ ठेवून पाहा. जपानमध्ये तो 2000 साली आला. हाही सोपाच, लहान मुलं तो पूर्ण करतात. पण सुरुवातीला मारिओचे एचपी फक्त 10 आणि गूम्बा नावाच्या साध्या शत्रूचे 2. आकडे इतके लहान की एकचा फरकही दिसतो. डोक्यावर काटा असलेल्या गूम्बावर उडी मारली तर आपल्यालाच लागतं, तिथे हातोडा हवा. उडणाऱ्यापर्यंत हातोडा पोचत नाही, तिथे उडी हवी. कासवासारख्या कूपा ट्रूपाला कवचामुळे 1 चं संरक्षण असतं. त्याच्यावर उडी मारली की तो उलटा पडतो, संरक्षण जातं आणि त्याची पाळीही चुकते. शत्रूचा वार येताना नेमक्या क्षणी बटण दाबलं तर 1 नुकसान कमी, म्हणजे 1 चा वार चक्क शून्यावर येतो. शंभर स्टार पॉइंट जमले की लेव्हल वाढते आणि तेव्हा तीनपैकी एकच निवडायचं: एचपी 5 ने वाढवा, खास हल्ल्यांची शक्ती 5 ने वाढवा, किंवा बॅज (खास गुण देणारे बिल्ले) लावायची मर्यादा 3 ने वाढवा. तुम्ही बलवान झालात की दुबळ्या शत्रूंकडून मिळणारे पॉइंट कमी होत होत शून्यावर येतात, त्यामुळे फाजील लेव्हल वाढतच नाही. इथे हरायची भीती जवळजवळ नाही, तरी दर लढाईत एक छोटा, खरा निर्णय आहे. पुढे 2004 च्या ‘थाउजंड-इयर डोअर’मध्ये (2024 साली तो निन्टेन्डोच्या स्विच या खेळयंत्रावर नव्याने आला) मारिओला दुप्पट मार बसेल असा बॅजही आहे. ज्याला अवघड हवं त्याने तो लावावा, बाकीच्यांचा खेळ आहे तसाच.

याउलट 1996 च्या ‘सुपर मारिओ आरपीजी’ची 2023 ची नवी आवृत्ती घ्या. दिसायला अप्रतिम. पण मूळ गेम आधीच सोपा, त्यात वेळेवर बटण दाबलं की सगळ्या शत्रूंना थोडं नुकसान, आणि पडद्यावरचा गेज, म्हणजे मीटर, भरला की तिघांचा मिळून एक मोठा हल्ला. शिवाय आणखी सोपा मोड वेगळा. खरी कस लावणारी बॉसची लढत आहे, नाही असं नाही. ती गोष्ट संपल्यानंतर येते, तोपर्यंत कंटाळणारा केव्हाच कंटाळलेला असतो.

मग लढाई अवघड करायची कशी? इथे कंपन्या आणि शिकाऊ गेम बनवणारे सर्रास एक चूक करतात. शत्रूचे एचपी तिप्पट करतात. आधीचाच हिशोब: 60 चे 180 झाले, तीन वारांऐवजी आठ लागले, पण बटण तेच. लढाई लांबली, अवघड झाली नाही. त्याऐवजी शत्रूला सवय द्यावी. एक फेरी तो दम धरतो, अंग लाल होतं, पुढच्या फेरीत 60 चा वार करतो. ‘बचाव’ निवडला तर 30. एवढ्या एका बदलाने कधीच न वापरलेली बचावाची आज्ञा कामाला लागते. झोपेचा मंत्रही कामाला लागतो, कारण झोपवलं तर तो वार चुकतो. आणि इशारा आधी दिसल्याने लहान मुलालाही अन्याय वाटत नाही. हे करायला वेगळा खर्च येत नाही, म्हणून हे न करणं आम्हाला जास्त खटकतं.

लेव्हल-5 कंपनीचा ‘नी नो कुनी 2’ (2018) पाहा. जो हिसाइशी यांचं संगीत, स्वतःचं राज्य उभारण्याची मजा, आणि इतक्या सोप्या लढाया की मंडळींनी तक्रार केली. नंतर कंपनीने मोफत अपडेटमधून दोन अवघड पातळ्या दिल्या. आज हा गेम घेणाऱ्याने अपडेट उतरवून घ्यावं आणि साइड क्वेस्ट करायची आवड असेल तर सुरुवातीपासूनच ‘हार्ड’ ठेवावं. ‘ड्रॅगन क्वेस्ट 11’मध्ये नवा खेळ सुरू करतानाच ‘ड्रॅकोनियन क्वेस्ट’ नावाचे निर्बंध निवडता येतात: बलवान शत्रू, दुकान बंद, चिलखत बंद, दुबळ्या शत्रूंकडून कमी एक्सपी. लक्षात ठेवा, हे मध्येच काढता येतात, पण मध्येच लावता येत नाहीत. शंका असेल तर ‘बलवान शत्रू’ आणि ‘कमी एक्सपी’ हे दोनच लावून सुरुवात करा. दुकान बंद केलं तर नवख्याचे हाल होतात.

पोकेमॉन आपल्याकडे मुलांना सर्वांत ओळखीचं, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त. लढाईत न उतरलेल्यांनाही एक्सपी देणारं ‘एक्सपी शेअर’ 2013 च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’मध्ये बंद करता येत होतं. 2018 च्या ‘लेट्स गो’पासून आणि 2019 च्या ‘सोर्ड’-‘शील्ड’मध्ये ते कायमचं चालू. पार्टीतल्या सहाही पोकेमॉनची लेव्हल एकदम वाढते आणि जिम लीडर, म्हणजे गावोगावच्या आखाड्याचा प्रमुख, दोन वारांत पडतो. यावर उपाय खेळणाऱ्याच्याच हातात आहे. पार्टीत सहाऐवजी चारच ठेवा. पुढच्या जिममधल्या सगळ्यात मोठ्या पोकेमॉनची लेव्हल ही आपली कमाल मर्यादा धरा. कोणी तिथवर पोचला की त्याला बॉक्समध्ये (राखीव साठ्यात) ठेवून दुसरा घ्या. लढाई चालू असताना औषध वापरायचं नाही, लढाईनंतर चालेल. जुन्या भागांत सेटिंगमध्ये ‘सेट’ निवडा, म्हणजे समोरच्याने नवा पोकेमॉन काढताना आपल्याला फुकट बदल मिळत नाही (2022 च्या भागांतून ही सोय काढून टाकली आहे). हे नियम एकदम लावू नयेत. आधी लेव्हलची मर्यादा, ती पचली की औषधबंदी. ‘नझलॉक’ म्हणून प्रसिद्ध असलेले कडक नियम, म्हणजे बेशुद्ध पडलेला पोकेमॉन कायमचा सोडायचा आणि प्रत्येक भागात पहिला दिसेल तोच पकडायचा, दहा वर्षांच्या मुलाला पहिल्या खेपेला देऊ नका. आवडता साथीदार गेला की गेमच सुटतो.

सोप्या गेमची बाजूही मांडायला हवी, आणि सोलापुरात ती जास्त मांडायला हवी. इथल्या कितीतरी घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात, शाळा मराठी, आणि गेम मात्र इंग्रजीत. अशा मुलासाठी अवघड असतं ते वाचन. ‘ड्रॅगन क्वेस्ट 11’मधली पात्रं तर वेगवेगळ्या ढंगांचं, उच्चाराप्रमाणे लिहिलेलं इंग्रजी बोलतात, मोठ्यांनाही दोनदा वाचावं लागतं. अक्षरं लावत लावत पुढे जाणाऱ्या मुलाला सोप्या लढाया म्हणजे मोठा आधार. हाताची बोटं नीट न चालणारे, वयस्कर, दिवसभराच्या कामाने दमून अर्धा तास गोष्टीत शिरू पाहणारे, यांनाही सोपा मोड हवाच आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. मदत कशी द्यावी याचा आम्हाला सर्वांत आवडलेला नमुना नेहमीच्या आरपीजीतला नसून ‘हेडीज’ या ॲक्शन गेममधला आहे. ‘गॉड मोड’ लावला की बसणारा मार 20 टक्क्यांनी कमी होतो आणि प्रत्येक मरणानंतर आणखी 2 टक्के, कमाल 80 टक्क्यांपर्यंत. ज्याला जेवढी गरज, तेवढीच मदत. निर्णय एकही काढून घेतलेला नाही.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं गोडोसारखं मोफत इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, घेऊन गेम बनवू लागली आहेत. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 साली ‘राजी’ हा गेम करून दाखवला, तेव्हा हे स्वप्नरंजन नव्हे. उद्या कुणी सोलापूरचा आरपीजी करायला घेईल. भुईकोट किल्ला, तलाव, गड्ड्याची यात्रा आणि सिद्धरामेश्वरांची 68 लिंगं, साइड क्वेस्टसाठी याहून सुंदर मांडणी कुठे मिळणार? पण एकेका लिंगाच्या दर्शनाला 20 एक्सपी ठेवले आणि लेव्हलला 100 लागत असतील, तर 68 पूर्ण करणाऱ्याची लेव्हल तेरांहून जास्त वाढेल आणि पुढचा गेम मेलाच म्हणून समजा. तिथे एक्सपी देऊच नये. नवी वाट उघडावी, एखादं जुनं गाणं ऐकू यावं, लढाईत नवी चाल मिळावी. चाल मिळाली तर निर्णय वाढतात. एक्सपी मिळाला तर घटतात.

आपल्या पुरवणीत गेमची ओळख छापून येईल तेव्हा ग्राफिक्स आणि किमतीबरोबर एवढं जरूर छापावं, ही विनंती: अवघडपणा निवडता येतो का, तो मध्ये बदलता येतो का, सेव्ह कुठेही होतं का, इंग्रजी किती आणि कसं आहे, आणि पहिल्या दोन तासांत हल्ल्याखेरीज दुसरी आज्ञा वापरायची गरज पडली का. साडेतीन-चार हजार रुपये मोजण्याआधी पालकांना यातला शेवटचा प्रश्न दुकानात विचारता येत नाही. खेळून पाहिलेल्यानेच त्याचं उत्तर द्यायला हवं.

आपले,
आरपीजी खेळणारे आणि बनवू पाहणारे काही वाचक,
जुळे सोलापूर