वॉर्डातलं बेसिन आणि औषधांना न जुमानणारे जंतू

संपादक महोदय,

औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची चर्चा निघाली की बोट ठेवलं जातं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि रुग्णांनी अर्धवट सोडलेल्या गोळ्यांवर. ते रास्तच आहे. पण एका खाटेवरचा क्लेबसिएला हा जंतू शेजारच्या खाटेवर जातो तो हातांमुळे, ओल्या भांड्यांमुळे आणि बेसिनमुळे.

बेसिनखालच्या वाकड्या पाइपात पाणी कायम तुंबलेलं असतं. उरलेलं सलाईन, चहा, दूध तिथेच ओतलं जातं, जंतूंना आयतं खाद्य मिळतं आणि आत बुळबुळीत थर धरतो. प्रयोगशाळेत हा थर दिवसाला सुमारे अडीच सेंटिमीटर वर चढताना दिसला आहे. नळाची धार थेट जाळीवर पडली की शिंतोडे मीटरभर जातात, आणि इंजेक्शनचा ट्रे नेमका बेसिनच्या कट्ट्यावर! ब्लीच ओतल्याने थर तात्पुरता मरतो, मग पुन्हा धरतो. त्यापेक्षा बेसिनमध्ये हातांखेरीज काही धुऊ-ओतू नये, धार जाळीवर पडणार नाही असा नळ बसवावा आणि ट्रे मीटरभर लांब ठेवावा.

लघवीच्या पिशव्यांचंही तेच. एकच मापाचं भांडं आणि तेच हातमोजे घेऊन सगळी रांग रिकामी केली जाते. पिशवीची तोटी भांड्याच्या कडेला टेकते आणि पुढच्या रुग्णाला मागच्याचे जंतू मिळतात. भांडं ज्याचं त्याला हवं, मोजे दर खाटेला बदलायचे, ते काढल्यावर हातही स्वच्छ करायचे. ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या बाटलीत निर्जंतुक पाणीच हवं. त्यात वरून भर घालू नये. जुनं ओतून, बाटली धुऊन, वाळवून मगच नवं भरावं.

हँडरब, म्हणजे हातांना चोळायचं अल्कोहोलयुक्त द्रव, ३ मिली घेऊन २० ते ३० सेकंद, हात कोरडे होईस्तोवर चोळावं लागतं. बाटली दाराशी टांगली तर तीस खाटा सांभाळणाऱ्या सिस्टरने दर वेळी दारापर्यंत जायचं कसं? ती खाटेच्या कठड्यालाच हवी.

तपासणी पथकं फरशीची चमक पाहतात. त्यांनी स्टोअरची वही उघडावी. जागतिक आरोग्य संघटनेचं किमान माप १००० रुग्णदिवसांना (एक रुग्ण एक दिवस राहिला की एक रुग्णदिवस) २० लिटर हँडरब असं आहे. म्हणजे भरलेल्या तीस खाटांच्या वॉर्डाला महिन्याला १८ लिटर. वहीत तीन-चार लिटरच लागल्याची नोंद असेल, तर त्या वॉर्डात हात किती वेळा चोळले गेले हे तिथेच कळतं.

– संसर्ग नियंत्रण विभागातील परिचारिका