महालक्ष्म्यांच्या आधी, आईला

कोलोन, जर्मनी

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "तिकडे देवाचं काही करतोस की नाही?" मी "हो" म्हणून मोकळा झालो, पण ते अर्धंच उत्तर होतं.

सकाळी गणपतीपुढे दिवा लावतो. उदबत्ती नाही, धुराचा अलार्म कोकलायला लागतो. जास्वंद, दुर्वा विसरायच्या. म्हणजे तुझ्या हिशेबाने फार काही करत नाही.

रविवारी मात्र इथल्या मोठ्या चर्चमध्ये जाऊन बसतो. (काकांना सांगू नकोस, उगाच भाषण ऐकावं लागेल.) १२४८ साली बांधायला घेतलं आणि १८८० साली पूर्ण झालं, मधली पावणेतीनशे वर्षं तर काम जवळपास बंदच होतं. आत सोन्याने मढवलेली एक मोठी पेटी आहे. बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या अस्थी त्यात आहेत, अशी इथली श्रद्धा. ११६४ मध्ये मिलानहून आणल्या. बायबलमधली त्यांची गोष्ट इवलीशी आहे: ताऱ्यामागे लांबून येतात, बाळापुढे लोटांगण घालतात, सोनं, ऊद आणि गंधरस ठेवतात आणि आपल्या देशी परत जातात. मागत काहीच नाहीत.

त्या पेटीपुढे मला आपल्या महालक्ष्म्याच आठवतात. ते देवाकडे पाहुणे गेले, आपल्याकडे देवच पाहुणा येतो. अनुराधेला यायचं, ज्येष्ठेला जेवायचं, मूळ नक्षत्रावर निघायचं. सोळा उपचार बघ ना: बसायला आसन, पाय धुवायला पाणी, आंघोळ, वस्त्र, जेवण. आल्यागेल्याचं करतो तेच सगळं. टेकडीच्या गणपतीला नवस बोलायला माझी ना नाही, परीक्षेच्या दिवसांत तर तिथे पोरांची रांगच असते. पण महालक्ष्म्यांचे तीन दिवस मला जास्त खरे वाटतात. तेव्हा घरात मागायला कोणाला सवडच नसते. सगळे आंबील, पुरण आणि फुलोऱ्यात गुंतलेले.

एकच गोष्ट मला खटकते. "महालक्ष्म्या कडक असतात" हे वाक्य. भाज्या सोळाच्या पंधरा झाल्या तर कोप, सोवळ्यात कोणी शिवलं तर कोप. पाहुणीची इतकी धास्ती घेतली तर तिच्याशी दोन शब्द बोलणार कधी? आणि या धास्तीपायीच आत्या मागे राहते. आतोबा गेल्यापासून ती दरवर्षी येते, रात्र जागून साड्यांच्या निऱ्या बसवते, दागिने घालते. तिच्यासारखी निरी आपल्या घरात कोणाला जमत नाही. पण मुखवटे आत आणायची वेळ झाली की ती आपणहून स्वयंपाकघराच्या दारामागे जाते. कोणी जा म्हणत नाही, थांब असंही कोणी म्हणत नाही. लहानपणापासून मी हे बघत आलोय.

यंदा एक मुखवटा तिच्या हातात दे. तूच दे, वहिनीला सांगू नकोस. ती नवी आहे, तिच्यावर ढकलायला नको. काका कुरकुरतील, त्यांना माझं नाव सांग. हळदीकुंकवाचं तिलाच विचार, तिच्या मनात नसेल तर आग्रह नको.

दादाला म्हणावं, भाज्या कॉटन मार्केटमधून आदल्या दिवशीच आण, सणाच्या सकाळी भाव विचारायची सोय नसते. ज्येष्ठेच्या दुपारी व्हिडिओ कॉल लाव. आमच्याकडे तेव्हा सकाळ असेल, मी सुट्टी टाकली आहे.

तुझा,
धाकटा