"दोन्हीकडे चालतो": बोरन्हाणाच्या टोपीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: लहान मुलांच्या टोपीचा क्रोशा संच (संक्रांत विशेष, काळा-पांढरा, सहा नग). चुकीचं माहितीपत्रक, चुकीचं लेबल आणि कालचा फोन.

महोदय,

काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तुमच्या ग्राहक सेवेशी माझा पाचवा फोन झाला. सहावा होणार नाही, म्हणून हे पत्र. संचात काय काय येतं (काळ्या-पांढऱ्या दोऱ्याचे गुंडे, मोती, कसं विणायचं ते सांगणारं माहितीपत्रक) ते मी सविस्तर सांगत बसत नाही. तुमचाच माल आहे, तुम्हाला माहीत असेल असं धरून चालते. कालच्या फोननंतर तसं धरणं जरा धाडसाचंच आहे, पण असो.

नातवाचं बोरन्हाण होतं. त्याच्यासाठी एक आणि आमच्या इमारतीतल्या पाच पोरांसाठी पाच, असे सहा संच सूनबाईंनी मागवले. एकाचे 649 रुपये, सहांचे 3894. लूट म्हणून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे सगळेच देतात. यंदा प्रत्येक पोराच्या डोक्यावर हातानं विणलेली काळी टोपी आणि तिच्यावर हलव्याचे पांढरे दाणे, असा बेत होता. आम्ही सहा जणी दुपारी माझ्याकडे बसलो. त्यातल्या दोघी नवशिक्या, तिघी बऱ्यापैकी हात बसलेल्या आणि मी. माझा हात किती वर्षांचा आहे ते पुढे येईलच, कारण तुमच्या माणसाला त्यातच जास्त रस होता.

सहाही टोप्यांची झालर झाली.

टोपी नाही, झालर. कढईत टाकल्यावर पोह्याचा पापड जसा वाकडातिकडा होतो तशी. सहा जणी, सहा हात, कोणाचा सैल, कोणाचा घट्ट, आणि सहाही चकत्या (टोपी माथ्यापासून, गोल सपाट चकतीनं सुरू होते) एकसारख्या मुरडलेल्या. तेव्हाच मी म्हटलं, बायांनो, चूक आपली नाही, कागदाची आहे.

कागदात काय आहे ते आता सांगते, कारण तुमच्याकडे तो कुणी वाचलेला दिसत नाही. पान दोनवर "दुहेरी टाका" कसा घालायचा ते दिलंय: सुई घाला, दोरा ओढा, दोरा घ्या, दोन्ही फासांतून एकदम काढा. चित्रही त्याचंच आहे. याला आमच्याकडे मुका खांब म्हणतात. बुटका टाका. इंग्लंडमध्ये याला "डबल" म्हणतात, हे खरं. पण अमेरिकेत "डबल" म्हणजे आपला सरळ खांब, सुईवर आधी एक वेढा घेऊन केलेला, उंचीला याच्या दुप्पट. नाव एक आणि टाके दोन, हा त्या दोन देशांमधला जुना घोळ आहे. क्रोशाचं एखादं परदेशी पुस्तक चाळलेल्या बाईलाही हे माहीत असतं, आणि ती आधी पुस्तक कुठलं आहे ते बघते. तुम्ही टाका इंग्लंडचा शिकवलात आणि पान तीनवर फेरीगणिक टाक्यांचे आकडे अमेरिकेचे दिलेत: 12, 24, 36, 48, 60, 72.

दर फेरीला 12 ची वाढ ही खांबासाठी असते. मुक्या खांबाला 6 ची पुरते. यात काही गुपित नाही. चकती सपाट राहायची तर फेरीगणिक तिचा परीघ फेरीच्या उंचीच्या साधारण सव्वासहा पट वाढायला हवा. बुटक्या टाक्याची उंची त्याच्या रुंदीएवढीच असते, म्हणून 6. खांब दुप्पट उंच, म्हणून 12. बुटके टाके घालून 12 ची वाढ केली की सहा फेऱ्यांनंतर चकती जेमतेम 6 सेंटिमीटरची होते आणि काठ मात्र 42 सेंटिमीटरचा. 6 सेंटिमीटर रुंद चकतीचा परीघ 19 सेंटिमीटर; तेवढ्या जागेत 42 सेंटिमीटर कुठे मावणार? मुरडणारच. मुक्या खांबानंच करायचं असेल तर 6 पासून सुरुवात, दर फेरीला 6 ची वाढ आणि सहाऐवजी बारा फेऱ्या. आणि खांबानं करायचं असेल, जसं तुमच्या खोक्यावरच्या फोटोत स्पष्ट दिसतंय, तर पान दोनवरचं चित्र बदला. दोन्हींतलं एक करा. एवढंच मी पहिल्या फोनपासून सांगत होते. एवढंच.

कागदातल्या मराठीबद्दल काय बोलावं. इंग्रजीचं शब्दाला शब्द भाषांतर. "जादूची अंगठी तयार करा." "घसरता टाका घाला." "ताऱ्यापासून पुन्हा करा." (कुठला तारा? कागदावर फुलीसारखी एक खूण आहे, तो म्हणे तारा.) "शेवट विणून घ्या" म्हणजे दोऱ्याची टोकं आत लपवा, हे मला कळलं; आमच्यातली एक नवशिकी बिचारी शेवटची फेरी दोनदा विणून बसली. आणि "मुकुट 14 सेंमी होईपर्यंत वाढवा". टोपीच्या माथ्याला मुकुट! खोक्यावर बोरन्हाणाचा फोटो छापून आत मुकुट लिहिलंत, तर बाई हलव्याचा मुकुट समजणार नाही तर काय? शेजारच्या काकू तर विचारत होत्या, की मुकुट वेगळा मागवायचा का. साखळी, मुका खांब, खांब. आमच्या आयांच्या वेळेपासून हे शब्द आहेत. ते वापरले असते तर इंग्लंड-अमेरिकेचा प्रश्नच आला नसता. विणणाऱ्या एखाद्या बाईला तासभर बसवून कागद वाचून घेतला असता, तरी तिनं सांगितलं असतं.

आता कालचा फोन.

आधीच्या चार फोनांत मला "तिकीट रेज केलंय" असं चार वेळा सांगण्यात आलं. एकदा शंभर रुपयांचं कूपन आलं, जे हजाराच्या खरेदीवरच चालतं. काल मी म्हटलं, मोठ्या माणसाशी बोलायचंय. टीम लीडर आले. आवाजावरून पंचविशीचे. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. पान दोन, पान तीन, 6 आणि 12. ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"आजी, तुमचं वय काय?"

मी विचारलं, "खोक्यावर वयाची अट आहे का?"

"तसं नाही हो. बारीक अक्षर दिसायला त्रास होत असेल तर टाके मोजताना चूक होते, म्हणून म्हटलं."

म्हटलं, अहो, मी 1979 पासून क्रोशा करते. लग्नात आलेल्या टेबलक्लॉथच्या कडा माझ्या हातच्या आहेत. सहा जणींनी विणलं, सहा जणींचं तेच झालं. सहाही जणींना दिसत नाही का?

"सगळ्यांचाच हात सैल असेल. जरा घट्ट विणून बघा."

हात घट्ट केला की झालर आणखी घट्ट होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? मग त्यांनी आवाज खाली आणला आणि एखादी मोठी खबर दिल्यासारखे म्हणाले, "आजी, हा पॅटर्न फॉरेनचा आहे. तिकडच्या डिझायनरनं केलाय. तो चुकीचा कसा असेल?"

आता मी सरळ मुद्द्यावर आले. विचारलं, "तिकडच्या म्हणजे कुठल्या? इंग्लंडच्या की अमेरिकेच्या?"

महोदय, अख्ख्या तक्रारीचं उत्तर या एका प्रश्नात होतं. ते थांबले. "एक मिनिट होल्ड करा" म्हणाले. चार मिनिटं तुमची बासरी ऐकली. परत आले आणि म्हणाले,

"चेक केलं, आजी. दोन्हीकडे चालतो."

दोन्हीकडे चालतो! जसा काही चार्जर आहे!

मी काही बोलले नाही. मला वाटतं त्यांना वाटलं, समजूत पटली. कारण लगेच पुढे, "घरात कोणी तरुण आहे का? फोन त्यांना द्या ना, मी समजावतो." शेजारी सूनबाई होत्या. त्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, हुशार आहेत, पण शर्टाचं बटण मीच लावून देते. त्यांनी स्पीकरवर सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही आईंनाच समजावा, मला 6 आणि 12 मधला फरक कळतो, तुमचं माहीत नाही." मला जरा बरं वाटलं, हे कबूल करते. मग शेवटचा आहेर: "मॅडम, विणायला जमत नसेल तर आमच्याकडे रेडीमेड टोपी आहे, 399 ला. तुम्हाला दहा टक्के डिस्काउंट देतो." आणि फोन ठेवल्यावर मोबाइलवर मेसेज: तुमचा अनुभव कसा होता, 1 ते 5 मध्ये सांगा. शून्याची सोय नाही.

विणायला जमत नसेल तर. हे वाक्य मला रात्री जेवतानाही आठवत होतं.

टोपीचं काय झालं विचाराल (विचारणार नाही, पण तरी). सहाही उसवल्या. उसवलेली लोकर कुरळी होते, म्हणून लड्या करून, ओल्या करून, वजन बांधून दांडीवर टांगल्या. दोन दिवसांनी खांबानं विणायला घेतल्या: 12, 24, 36, असं करत 72 पर्यंत, पुढे वाढ न करता 9 फेऱ्या. नातवाचं डोकं 46 सेंटिमीटर आहे, टोपी 43 ची केली म्हणजे बसते पण दाबत नाही. वर हलव्याचे दाणे म्हणून पांढऱ्या दोऱ्याचे फुगे, पाच खांब एकत्र मिटून. तुम्ही संचात दिलेले प्लॅस्टिकचे मोती मी लावले नाहीत. खोक्यावर "वय 6 ते 24 महिने" लिहिता आणि सुटे मोती देता! वर्षाचं पोर हाताला लागेल ते तोंडात घालतं, हे तुमच्याकडे कुणाच्या घरी लहान मूल असेल तर विचारून बघा. बोरन्हाण ठरल्या दिवशी झालं नाही. रथसप्तमीपर्यंत मुभा असते म्हणून निभावलं.

आणि विणताना दुसरी गोष्ट कळली. पांढरा दोरा सहावी टोपी व्हायच्या आत संपला. आधी वाटलं, उसवण्यात गेला असेल. तुमच्या तिसऱ्या फोनवरच्या मुलीनंही तेच सांगितलं, "मॅम, वेस्टेज झालं असेल." म्हणून काळ्याचा एक न उघडलेला गुंडा होता तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. लेबलवर 50 ग्रॅम. काट्यावर 43. काटा खोटा असेल म्हणून वाण्याकडे नेला. 43. हा गुंडा मी उसवला नव्हता, विणला नव्हता, उघडलाही नव्हता. याचं वेस्टेज कुणी केलं?

तिसरी गोष्ट. लेबलवर "100 टक्के कॉटन, बाळाच्या नाजूक त्वचेसाठी". हाताला चरचरीत लागत होतं म्हणून संध्याकाळी दिवा लावताना एक तुकडा निरांजनाच्या ज्योतीवर धरला. कापूस कसा जळतो हे रोज वाती वळणाऱ्या बाईला शिकवू नका. तो शांत जळतो, कागद जळल्यासारखा वास येतो, राख बोटानं चुरडते. तुमचा दोरा ज्योत बघताच आक्रसला, वितळला आणि टोकाला काळी टणक गुठळी झाली. ती अजून ठेवली आहे, हवी तर पाठवते. ॲक्रिलिक असेल, मिश्रण असेल, काय ते तुम्ही सांगा. निव्वळ कापूस नाही एवढं नक्की. ॲक्रिलिकला माझा विरोध नाही. कित्येक स्वेटर केलेत. पण तेव्हा लेबलवर ॲक्रिलिक लिहिलेलं असायचं आणि किंमतही ॲक्रिलिकची असायची.

ते लेबल तुमचंच असायचं, याचं जास्त वाईट वाटतं. डोंबिवलीत दुकानात उभं राहून शेड नंबर आणि लॉट नंबर जुळवून मी तुमची लोकर घेत आले आहे. जुन्या लेबलांवर सुईचा नंबर, 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके, धुवायचं कसं, सगळं असायचं. बिस्किटांच्या डब्यात अजून दहा-बारा लेबलं आहेत. दुकानदार दुसरी कंपनी दाखवायचा तेव्हा मीच म्हणायची, नको, आमचीच द्या. आमची!

संच परत घ्यायला तुमचा नकार आहे, कारण "वापरलेला माल परत घेतला जात नाही". कागद चुकीचा आहे हे विणल्याशिवाय कसं कळावं? हुंगून?

तेव्हा आता असं. 3894 रुपये पूर्ण परत हवेत, कूपन नको. माहितीपत्रक दुरुस्त करा आणि ज्यांनी ज्यांनी हा संच घेतला त्यांना दुरुस्त पान पाठवा, कारण माझ्यासारखी बाई उसवून पुन्हा विणते, पण पहिल्यांदाच सुई हातात घेतलेली मुलगी "मला जमत नाही" म्हणून सुई कायमची ठेवून देते. ती टोपी तिला जमली असती. याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे. आणि सहाही संचांतल्या गुंड्यांच्या वजनाबद्दल लेखी उत्तर हवं.

पंधरा दिवस वाट बघेन. त्यानंतर वजनाची तक्रार वजनमापं तपासणाऱ्या सरकारी वैधमापन शास्त्र विभागाकडे जाईल; पाकिटावर लिहिलेलं निव्वळ वजन आत भरणं हा कायदा आहे, तुमची मेहेरबानी नाही. बाकीची 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मी राहते तिथेच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फीही लागत नाही, हे सूनबाईंनी शोधून काढलं. घरात कोणी तरुण आहे का, असं तुम्हीच विचारलं होतं ना? आहे.

सोबत बिलाची प्रत, माहितीपत्रकाची पानं दोन आणि तीन (चूक लाल पेनानं दाखवली आहे), काट्यावरच्या गुंड्याचा फोटो आणि झालर झालेल्या सहा चकत्यांचा फोटो जोडला आहे.

आपली,
सहा संचांची ग्राहक, डोंबिवली

ता. क. कालच्या टीम लीडरना काढून टाकू नका. त्यांना एक सुई आणि एक गुंडा द्या आणि पान दोन वाचून टोपी करायला सांगा. झाली की फोटो पाठवा.