'रॉजर' म्हणजे 'हो' नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दोन विमानांची टक्कर थोडक्यात टळल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशीच्या चर्चेतले निदान ठरलेले असते: वैमानिकाचे इंग्रजी कच्चे, नाहीतर जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या हवाई नियंत्रकाचे उच्चार कळत नाहीत. हे अगदीच खोटे नाही, पण अर्धवट आहे. इंग्रजी अस्खलित असलेली माणसेच कित्येकदा ठरावीक शब्द सोडून ऐसपैस बोलतात आणि तिथे घात होतो.

१९ फेब्रुवारी १९८९ रोजी फ्लाइंग टायगर कंपनीचे बोइंग ७४७ मालवाहू विमान सिंगापूरहून क्वालालंपूरला उतरत होते. वैमानिक अमेरिकन, म्हणजे इंग्रजी त्यांच्या घरचीच. नियंत्रकाने सांगितले, 'डिसेंड टू फोर झिरो झिरो'. त्याला म्हणायचे होते २,४०० फूट. कॉकपिटमध्ये 'दोन' या अर्थाचा टू 'पर्यंत' या अर्थाचा टू झाला आणि विमान ४०० फुटांकडे निघाले. (देवनागरीत लिहिले तर दोन्ही 'टू' सारखेच दिसतात. कानालाही ते सारखेच.) वैमानिकाने उत्तर दिले, 'ओके, फोर झिरो झिरो'. चूक पकडायची जागा हीच होती, पण ती निसटली. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र ओरडत होते, त्याकडेही दुर्लक्ष झाले. समुद्रसपाटीपासून ४३७ फुटांवर विमान डोंगरावर आदळले आणि चौघेही कर्मचारी गेले. नियमानुसार ही उंची 'टू थाउजंड फोर हंड्रेड फीट' अशी बोलायची असते. 'थाउजंड' एवढा एक शब्द जरी उच्चारला असता तरी ४०० फूट ऐकू येण्याला वाव उरला नसता.

आकड्यांचा घोळ मराठी माणसाला नवा नाही. फोनवर 'एकोणसाठ' सांगितले तर समोरचा 'एकोणसत्तर' लिहितो, म्हणून आपण 'पाच, नऊ' असे सुटे सांगतो. विमानोड्डाणात दिशा, फ्रिक्वेन्सी आणि ट्रान्सपॉन्डरचा (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा) कोड असेच सुटे सांगायचे असतात. नऊला 'नायनर', तीनला 'ट्री' आणि पाचला 'फाइफ' म्हणतात. ऐकणाऱ्याला हसू येते, पण खरखरणाऱ्या रेडिओवर 'फाइव्ह' आणि 'नाइन' एकमेकांत सहज मिसळतात. 'अफर्मेटिव्ह'ऐवजी नुसते 'अफर्म' म्हणण्याचे कारणही हेच: पहिले अक्षर तुटले तर 'अफर्मेटिव्ह' आणि 'निगेटिव्ह' यांचे शेपूट एकच राहते.

सगळा खेळ रीडबॅकवर उभा आहे. कानगोष्टींच्या खेळात निरोप पुढे जातो, इथे तो मागे फिरून सांगणाऱ्याकडे परत यायला हवा. मार्गाची परवानगी, धावपट्टीवर शिरणे, ती ओलांडणे, तिच्या अलीकडे थांबणे, उड्डाण, अवतरण, उंची, दिशा, वेग, दाबमापकाचा आकडा आणि ट्रान्सपॉन्डरचा कोड एवढे सगळे वैमानिकाने जसेच्या तसे परत म्हणायचे असते. तिथे 'रॉजर' चालत नाही. रॉजरचा अर्थ 'तुमचा संदेश पूर्ण मिळाला' इतकाच. त्यात होकार नाही, पालनाचे वचनही नाही. दुसरी बाजू म्हणजे हिअरबॅक, नियंत्रकाचे परत ऐकणे, आणि साखळीतली खरी कमजोर कडी तीच. सूचना देऊन झाली की त्याचे डोके पुढच्या विमानाकडे वळलेले असते. त्यात अपेक्षेचा फटका बसतो: आपण १५,००० सांगितले म्हणजे समोरून १५,०००च येणार असे कान धरून चालतात, आणि १६,००० आले तरी ते १५,००० ऐकू येते.

१२ नोव्हेंबर १९९६ची चरखी दादरीची टक्कर आपल्याकडे 'इंग्रजी कच्चे' या सदरात जमा झाली आहे. दिल्लीहून निघालेले सौदियाचे बोइंग ७४७ वर चढत होते, त्याला १४,००० फुटांची मर्यादा होती. समोरून येणाऱ्या कझाक इल्युशिन-७६ला १५,०००च्या खाली उतरायची परवानगी नव्हती. टक्कर झाली आणि ३४९ जण गेले. कझाक चालक दलाचे इंग्रजी तोकडे होते, हे चौकशीत निघाले आणि ते खरेच आहे. पण त्या विमानात नियंत्रकाशी बोलणारा माणूस वैमानिक नव्हता, रेडिओ ऑपरेटर होता. त्याच्यासमोर स्वतंत्र उंचीमापक नव्हता, त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून पाहावे लागे. म्हणजे ऐकणारा एक, विमान हाकणारा दुसरा. त्यात समोरच्या विमानाची माहिती देताना आधी '१४ मैल' आणि लगेच पुढे त्याची पातळी '१४०' (म्हणजे १४,००० फूट) असे सांगितले गेले. हे आकडे कझाक विमानाने करायच्या कृतीचे नव्हते, समोरच्याचे होते. घाईत असलेल्या, परकी भाषा उलगडत बसलेल्या कानाला हा फरक कसा कळावा? दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती, त्यामुळे १५,०००ला पोहोचल्याचे कळवणारे विमान त्याखाली गेले तरी नियंत्रकाला कळायचा मार्ग नव्हता. येणारी आणि जाणारी विमाने एकाच मार्गिकेतून सोडली जात. ही एवढी छिद्रे सोडून नुसत्या उच्चारांवर बोट ठेवणे सोयीचे आहे. पुढे मार्गिका वेगळ्या झाल्या आणि टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची झाली, ती या उरलेल्या कारणांमुळे.

टेनेरिफ या स्पॅनिश बेटावर धावपट्टीवरच दोन विमानांची टक्कर होऊन झालेल्या ५८३ मृत्यूंतही (२७ मार्च १९७७) शब्दकोशाचा दोष नाही. डच सहवैमानिक म्हणाला, 'वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ'. नियंत्रकाला वाटले, ते उड्डाणाच्या जागेवर उभे आहेत. प्रत्यक्षात विमान धावू लागले होते. नियंत्रक 'ओके' म्हणाला आणि क्षणभर थांबून 'थांबा, मी सांगतो' अशा अर्थाचे वाक्य बोलला. नेमके त्याच वेळी पॅन अ‍ॅमचे विमानही 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' हे सांगायला बोलले. व्हीएचएफ रेडिओवर दोघे एकदम बोलले की शिट्टीसारखा आवाज येतो. डच कॉकपिटला 'ओके' स्वच्छ ऐकू आले आणि पुढचे सगळे शिट्टीत बुडाले. त्यानंतर 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, बाकी वेळी 'डिपार्चर' म्हणायचे, असे ठरले.

मग आपापल्या भाषेत का बोलू नये, असे अधूनमधून सुचवले जाते. आंतरराष्ट्रीय नियमांत स्थानिक भाषेला मुभा आहे. पण २५ मे २०००ला पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर नियंत्रक एअर लिबर्तेच्या विमानाशी फ्रेंचमध्ये आणि एका ब्रिटिश मालवाहू शॉर्ट्स विमानाशी इंग्रजीत बोलत होता. फ्रेंच विमानाला उड्डाणाची परवानगी मिळाली आहे, हे ब्रिटिश वैमानिकांना कळले नाही. ते धावपट्टीवर शिरले, फ्रेंच विमानाचा पंख त्यांच्या कॉकपिटला लागला आणि त्यांचा सहवैमानिक मरण पावला. एका फ्रिक्वेन्सीवर सगळे सगळ्यांचे ऐकतात. ही फुकटची सुरक्षा भाषा बदलली की जाते.

२००८पासून वैमानिक-नियंत्रकांना इंग्रजीची किमान चौथी पातळी लागते आणि ती तीन वर्षांनी पुन्हा तपासली जाते. चांगलेच आहे. पण ही परीक्षा उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद तपासते. गर्दीच्या वेळी माणूस मिनिटाला शंभर शब्दांची मर्यादा पाळतो का, हे त्यात दिसत नाही. मुंबईसारख्या ठिकाणी संध्याकाळच्या गर्दीत ही मर्यादा सर्वांत आधी मोडते. एका दमात उंची, दिशा, वेग आणि फ्रिक्वेन्सी असे चार आकडे दिले की एखादा गळतो किंवा दोघांची अदलाबदल होते. बटण दाबल्या दाबल्या बोलायला सुरुवात केली की पहिला शब्द तुटतो, आणि तो बहुधा कॉल साइनच, म्हणजे विमानाचे रेडिओवरचे नावच, असतो. मग ५१२ची सूचना ५२१ उचलतो.

आमच्या मागण्या साध्या आहेत. सारखे अंत्य आकडे असलेली उड्डाणे एकाच तासात, एकाच विमानतळावर येऊ नयेत, याची जबाबदारी कंपन्यांनी वेळापत्रक करतानाच घ्यावी. ती ऐनवेळी नियंत्रकावर टाकू नये. वैमानिक आणि नियंत्रक यांनी ध्वनिमुद्रणे एकत्र बसून ऐकावीत, शिक्षेसाठी नव्हे तर रीडबॅक कुठे निसटले ते शोधण्यासाठी. पुण्यात नियंत्रण हवाई दलाकडे आणि दाबोळीला नौदलाकडे आहे, त्यांनाही या बैठकांना बोलवावे. आणि वृत्तपत्रांनी अशा प्रसंगी फक्त सूचना न छापता तिला मिळालेले उत्तरही छापावे.

आपले,
विमान-संभाषणाचे दोन निवृत्त प्रशिक्षक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई